डिझेल एसयूव्ही विकताना ‘रोज किती चालवणार?’ एवढं तरी विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांचं जे पान येतं ते आमच्या गॅरेजवर सगळ्यात आधी उघडलं जातं, राजकारण नंतर. मागे डिझेल एसयूव्हींची तुलना आली होती, कुठल्या गाडीची सीसी किती, पॉवर किती, टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ किती, सनरूफ आहे का, स्क्रीन किती इंची, सगळं व्यवस्थित चौकट करून. चांगली होती, आमच्या पोरांनी कापून भिंतीला लावलीय. पण त्यात एक गोष्ट नव्हती, ही गाडी रोज किती आणि कशी चालवली तर टिकते, आणि ती नव्हती म्हणूनच हे पत्र लिहायला बसलोय. मी कराडला गेली 27 वर्षं डिझेलचंच काम करतो, कमांडर आणि ट्रॅक्ससारख्या जुन्या जीपांपासून सुरुवात केली आणि आता निम्मं काम लॅपटॉप लावून होतं, त्यामुळे जे लिहितोय ते रोज हाताखालून जाणारं आहे.

आधी एक सांगतो, म्हणजे डिझेलच्या विरोधात लिहितोय असं वाटायला नको. आजचं टर्बो डिझेल इंजिन, टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, ही फार मोठी गोष्ट आहे. 1998 ला टाटा सफारी आली तेव्हा तिच्यात 1948 सीसीचं टर्बो डिझेल होतं, ताकद 90 हॉर्सपॉवरच्या आतबाहेर. 2021 ला त्याच नावाची नवी सफारी आली, इंजिन 1956 सीसी, म्हणजे नुसती 8 सीसी जास्त, आणि ताकद 170 पीएस (हॉर्सपॉवरच समजा), टॉर्क 350 न्यूटन मीटर. जवळजवळ दुप्पट झाली की. हे इंजिन मूळ फियाटचं मल्टिजेट, आपल्याच पुणे जिल्ह्यात रांजणगावला बनतं, जीप कंपासमध्ये आणि एमजी हेक्टरमध्येही तेच बसवलं. महिंद्राची स्कॉर्पिओ-एन घ्या, 2.2 लिटरचं इंजिन, वरच्या मॉडेलला 175 पीएस आणि ऑटोमॅटिकला 400 न्यूटन मीटर. हा टॉर्क 1750 आरपीएमलाच, म्हणजे इंजिन मिनिटाला 1750 फेरे घेत असतानाच हातात येतो म्हणून तर कुंभार्ली घाटात सात माणसं आणि टपावर सामान घेऊन गाडी गिअर न पाडता चढते. पॉवरचा आकडा जाहिरातीत मोठा दिसतो पण घाटात जे कामाला येतं ते टॉर्क, आणि तो किती आरपीएमला येतो ते.

आता ही ताकद कुठनं आली ते कळलं की पुढचं सगळं कळेल. जुन्या इंजिनात पंप होता, नोझल होतं, स्प्रिंगच्या जोरावर उघडायचं, डिझेल थोडं भेसळीचं आलं तरी कुरकुरत का होईना गाडी घरी यायची. 1997 ला अल्फा रोमिओ 156 मध्ये पहिल्यांदा कारला कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी एकच नळी, आलं आणि सगळं बदललं. आता रेलमध्ये डिझेल 1600 ते 2000 बार दाबाने भरलेलं असतं. तुमच्या टायरमध्ये हवा असते 2 बारच्या थोडी वर, त्यावरून अंदाज करा. त्या दाबाचं डिझेल इंजेक्टर एका स्ट्रोकला तीन-चार-पाच वेळा मोजून मारतो, आणि त्याच्या आतल्या पार्टमधली फट दोन-तीन मायक्रॉनची, आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा. टर्बोचा पंखा मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्याची दांडी ऑइलच्या पातळ पडद्यावर तरंगत असते. म्हणजे ऑइल आणि डिझेल ही दोन्ही स्वच्छ असली पाहिजेत ही अट या इंजिनाची पहिल्या दिवसापासूनच आहे, ती कुठल्या चौकटीत छापून येत नाही एवढंच.

आणि दुसरी गोष्ट काजळी. डिझेल आहे तिथे काजळी आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराचा नियम लागू झाला तेव्हा डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून 4.5 वर आणली, नायट्रोजन ऑक्साइडची 250 वरून 80 वर. डिझेलमधला गंधक 50 पीपीएमवरून 10 वर आला. हे चांगलंच झालं, मी स्वतः 27 वर्षं तो धूर छातीत घेतलाय, माझं तरी या कायद्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ही काजळी नाहीशी झाली असं नाही साहेब, ती आता गाडीतच साठवली जाते आणि गाडीतच जाळायची असते. त्यासाठी सायलेन्सरच्या लायनीत एक चिनी मातीसारखी जाळी असते, मधमाशांच्या पोळ्यासारखी, त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात काजळी अडकते आणि ठरावीक प्रमाणात साठली की इंजिन स्वतःहून जास्तीचं डिझेल मारून ती जाळी 600 डिग्रीच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्याला रिजनरेशन म्हणतात. आता हे व्हायला काय लागतं, तर गाडी गरम पाहिजे आणि साधारण पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात सलग चालली पाहिजे. इथंच सगळी गोची आहे.

मागच्या पावसाळ्यात एक शिक्षिका मॅडम गाडी घेऊन आल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, गाडी दोन वर्षांची, मीटरवर 9 हजार किलोमीटर, अगदी घासूनपुसून ठेवलेली. तक्रार काय, तर पिकअप गेलाय, रेस दिली तरी गाडी उठत नाही आणि डॅशबोर्डवर दिवे लागलेत. मी बॉनेट उघडलं आणि आधी ऑइलची पट्टी काढली, ही माझी जुनी सवय. ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर बोटभर! ऑइल कमी होतं हे सगळ्यांना माहीत असतं, वाढलेलं कुणी बघत नाही. दोन बोटांत घेऊन चोळलं तर पाण्यासारखं पातळ आणि नाकाजवळ नेलं तर सरळ डिझेलचा वास. मॅडमना विचारलं रोज गाडी किती चालते. म्हणाल्या, घर ते शाळा चार किलोमीटर, येताना भाजी घेऊन घरी. दोन वर्षं हेच. रविवारी कधी गाडी बाहेर काढली तर काढली.

म्हणजे झालं असं, की गाडी रोज काजळी जाळायला घ्यायची आणि जाळी तापेपर्यंत शाळा यायची, चावी बंद. जाळण्यासाठी मारलेलं जास्तीचं डिझेल अर्धवट जळायचं, बाकीचं सिलेंडरच्या भिंतीवरनं पिस्टनच्या रिंगमधून खाली ऑइलमध्ये उतरायचं. दुसऱ्या दिवशी परत तेच. असं महिनोन्‌महिने चाललं. जाळी भरत गेली आणि ऑइल पातळ होत गेलं, आणि पातळ ऑइलवर टर्बोची दांडी आणि क्रँकची बेअरिंगं चालत होती. ऑइल फार वाढलं आणि ब्रीदरमधून, म्हणजे ऑइलची वाफ निघायच्या नळीतून इंजिनाने ते ओढून घेतलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं, मग चावी बंद केली तरी थांबत नाही. ती वेळ आली नाही हे नशीब. शोरूमने त्यांना नवीन डीपीएफ आणि इतर मिळून दीड लाखाच्या वरचा अंदाज दिला होता, आणि वॉरंटीत बसत नाही, वापर चुकीचा आहे असं सांगितलं होतं. मॅडम मला म्हणाल्या, वापर चुकीचा आहे तर मग विकताना का नाही सांगितलं, मी तर शाळेला जायला गाडी घेते असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. याला मी काय उत्तर देणार.

आम्ही ऑइल-फिल्टर बदललं, स्कॅनर लावून जाळी किती भरलीय ते बघितलं, सुदैवाने अजून हाताबाहेर गेली नव्हती, आणि उभ्या गाडीवर जबरदस्तीचं रिजनरेशन केलं. गाडी आपोआप रेस धरते, पंचवीसेक मिनिटं तशीच, खालून असा धगधगता उबारा येतो की पाय जवळ नेता येत नाही. त्यानंतर परत ऑइल बदललं कारण त्यात पुन्हा डिझेल उतरतं. गाडी ठणठणीत झाली. आता त्या दर रविवारी उंब्रजपर्यंत हायवेने जाऊन येतात, चौथ्या गिअरला, 60-70 च्या वेगाने. पण खरं सांगायचं तर त्यांना पेट्रोल गाडी घ्यायला पाहिजे होती, आणि हे त्यांना गाडी घेण्याआधी सांगायला पाहिजे होतं.

इथं एक गोष्ट आठवली ती लिहितोच, कारण आपल्या भागात महत्त्वाची आहे. रिजनरेशन चालू असताना किंवा नुकतंच झालेलं असताना गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नका. पूर्वीच्या जीपा आपण बिनधास्त फडात घालायचो, तेव्हा सायलेन्सर एवढा तापत नव्हता. आता तापतो. तोडणीच्या दिवसांत शेतावर जाणाऱ्यांनी बांधावर मोकळी जमीन बघूनच गाडी लावावी.

काजळीचं दुसरं घर म्हणजे ईजीआर. नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला थोडा जळालेला धूर परत इंजिनात सोडतात, तो सोडणारा व्हॉल्व्ह. ती कोरडी काजळी आणि ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ एकत्र आली की डांबर होतं अक्षरशः. मी इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा जायची नळी, उघडून गिऱ्हाइकाला दाखवतो, चार बोटं जाईल एवढं भोक असतं तिथं एक बोट जायची मारामार, चमच्याने खरवडून काढावं लागतं. लक्षणं अशी की आयडलला, म्हणजे रेस न देता उभी असताना गाडी थरथरते, मध्येच जोर जातो, ॲव्हरेज पडतं, आणि लोक इंजेक्टर बदलत बसतात. ईजीआरचा कूलर आतून फुटला तर कूलंट कमी होत राहतं आणि बाहेर थेंब कुठे दिसत नाही, तेव्हा लोक हेड गॅसकेट गेलं समजून हेड खोलतात. आणि कूलंटच्या जागी बोअरचं पाणी ओतणं तर सर्रास चालतं, आपल्याकडच्या जड पाण्याने आत क्षार धरतात, हे टाळा एवढंच म्हणतो.

टर्बोतही काजळीच. आताचे टर्बो व्हीजीटी असतात, म्हणजे पंख्याभोवती छोट्या पाकळ्या असतात त्या वेगाप्रमाणे उघडमीट करतात, त्यामुळे कमी आरपीएमला पण दम मिळतो. त्या पाकळ्या काजळीने चिकटल्या की गाडी लिम्प मोडला जाते, तीन हजाराच्या वर रेस घेत नाही. सगळ्या वेळी टर्बो गेलेला नसतो. कधी व्हॅक्युमचा पाइप कुरतडलेला असतो, कधी टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची होज क्लिपमधून निघालेली असते, दीडशे रुपयांचं काम असतं आणि माणसाला पन्नास हजाराच्या टर्बोचं कोटेशन हातात मिळालेलं असतं. म्हणून कोणी टर्बो गेला म्हटलं की आधी होज बघायला सांगा, पंख्याच्या दांडीला हाताने खेळ किती आहे ते बघायला सांगा. आणि घाट चढून आल्या आल्या हॉटेलसमोर गाडी खटकन बंद करू नका, मिनिटभर आयडलला ठेवा. दांडीभोवतीचं ऑइल फिरायचं थांबलं की उष्णतेने तिथेच करपतं.

इंजेक्टरचं म्हणाल तर निम्मी प्रकरणं पाण्याची. पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी येतं, फिल्टरखाली ते जमा होतं, तिथे नट असतो तो ढिला करून पाणी काढायचं असतं, दिवा लागतो त्यासाठी. दिवा लागलेला असताना लोक कोकणात जाऊन येतात. आमच्याकडे इंजेक्टर तपासायची साधी पद्धत आहे, चारही इंजेक्टरच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावायच्या, इंजिन दोन मिनिटं चालवायचं. सगळ्यांत सारखं डिझेल आलं तर बरोबर, एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. गिऱ्हाइकाने उभं राहून हे स्वतः बघावं आणि मगच पैसे द्यावेत, चारही बदला म्हणणाऱ्याला बाटल्या लाव म्हणावं.

ऑइलबद्दल एकच, पण ते डोक्यात ठेवा. डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर सी2 किंवा सी3 लिहिलेलं असतं, कुठलं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं आहे. ट्रॅक्टरचा डबा घरात आहे म्हणून तोच ओतला तर त्यातली राख जाळीत जाऊन बसते, आणि काजळी जळते पण राख जळत नाही. आणि किलोमीटर कमी झाले म्हणून ऑइल दोन-दोन वर्षं ठेवू नका, उलट कमी चालणाऱ्या डिझेलचंच ऑइल लवकर खराब होतं, ते मॅडमच्या गाडीने दाखवलं.

आता शोरूमवाले म्हणतात वापर चुकीचा. मान्य, बऱ्याच वेळा असतो. पण नेहमीच नाही. ऑस्ट्रेलियात टोयोटाच्या 2.4 आणि 2.8 लिटर डिझेलच्या हायलक्स, प्राडो, फॉर्च्युनर या गाड्यांवर तिथल्या फेडरल कोर्टात सामूहिक दावा चालला, ऑक्टोबर 2015 ते एप्रिल 2020 मध्ये विकलेल्या 2 लाख 60 हजारांवर गाड्या होत्या त्यात. 2022 ला कोर्टाने डीपीएफची यंत्रणाच सदोष होती असं ठरवलं, आणि गंमत नाही सांगत, तिथे अडचण हायवेच्या सलग वेगाच्या चालवण्यातच होती, म्हणजे आपण जो उपाय म्हणून सांगतो त्यातच. भरपाई किती यावर प्रकरण पुढे वरच्या कोर्टात गेलं, पण गिऱ्हाईक कोर्टात उभं राहिलं आणि त्याचं ऐकलं गेलं. आपल्याकडे त्या काळात विकलेल्या बीएस-4 फॉर्च्युनरला डीपीएफ नव्हताच, त्यामुळे तो दोष इथल्या त्या गाड्यांना चिकटवू नका, मी उदाहरण एवढ्यासाठी दिलं की दोष कुणाचा हे तपासूनच ठरलं पाहिजे, सर्व्हिस काउंटरवर उभ्या उभ्या नाही.

आणि पोरं येतात, काका डीपीएफ काढून टाका, मॅप मारून द्या (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदला), गाडी उडेल. कापून आतून पोकळ करून देणारे आहेत, पैसेही चांगले मिळतात. मी करत नाही. ते बेकायदेशीर आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे तो धूर शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या पोरांच्या नाकाच्या उंचीवर सुटतो. ज्यांच्या गाडीला डीईएफची, म्हणजे धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याची टाकी आहे त्यांनाही सांगतो, त्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया असतो, शेतातला युरिया पाण्यात कालवून घालू नका, त्याचे खडे धरून पंप आणि नोझल दोन्ही जातात.

तर संपादक साहेब, माझं मागणं असं आहे. तुमच्या चौकटीत पॉवर-टॉर्कच्या खाली अजून तीन-चार ओळी घाला, ऑइल कुठल्या ग्रेडचं लागतं, टायमिंगला चेन आहे का बेल्ट आणि बेल्ट असेल तर किती किलोमीटरला बदलायचा, डीईएफ लागतं का, आणि रिजनरेशन चालू आहे हे ड्रायव्हरला कसं कळतं. काही गाड्यांत स्क्रीनवर मेसेज येतो, काहींत काहीच येत नाही, जाळी भरत आल्यावरच दिवा लागतो. आणि ज्या शोरूमच्या पान-पान जाहिराती तुमच्याकडे येतात त्यांच्याकडे तुमच्या शब्दाला वजन आहे, त्यांना सांगा की बुकिंगच्या फॉर्मवर ‘रोज किती किलोमीटर, गावात की हायवेला’ हा एक प्रश्न टाका. माणूस दहा किलोमीटरच्या आत म्हणाला तर त्याला पेट्रोल दाखवा. गाडी विकलीच जाणार आहे, फक्त बरोबर विकली जाईल. डिलिव्हरीच्या दिवशी पेढे आणि हार देता तसा मराठीतला एक कागद द्या, या दिव्याचा अर्थ काय आणि लागला तर काय करायचं.

निदान तो दिवा तरी पुढच्या अंकात चित्र काढून छापा. एक डबा, दोन्ही बाजूंना नळी, आत ठिपके, पिवळा रंग. तो पहिल्यांदा लागला त्याच दिवशी मॅडम अर्धा तास हायवेला फिरून आल्या असत्या तर तीस-पस्तीस किलोमीटरचं डिझेल गेलं असतं, बाकी काही नाही.

आपला एक वाचक,
डिझेल मेकॅनिक, कराड